जिथे लाईट जात नाही

मांडवी, रत्नागिरी

आमच्या घरात लाईट गेल्याचं सगळ्यात आधी सुनंदाला कळतं, आणि तेही झोपेत. मी नाकावर मास्क बांधून झोपतो. उशाशी स्टुलावर एक मशीन असतं. त्यातून नळीने येणारी हवा रात्रभर माझा घसा उघडा ठेवते. ती नसेल तर झोपेत माझा श्वास थांबतो. मग कधीतरी दचकून, मोठ्याने घोरून पुन्हा सुरू होतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला अंगभर वायरी लावून झोपवलं आणि या दुखण्याचं नाव सांगितलं. सुनंदाला नावाची गरज नव्हती. मशीन यायच्या आधी कितीतरी वर्षं ती माझ्या नाकाखाली बोट धरून बसायची आणि श्वास लांबला की खांदा हलवून म्हणायची, "अहो, श्वास घ्या."

मशीन आल्यावर तिची झोप परत येईल असं आम्हाला वाटलं होतं. आली, पण अर्धवट. मशीनची बारीक घरघर हीच आता तिची अंगाई झाली आहे. ती घरघर बंद झाली की ही टक्क जागी. आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती बंद व्हायला काय लागतं? नारळाची एक झावळी तारेवर पडली की पुरे. इन्व्हर्टर आहे, पण रात्र रात्र लाईट नसते तेव्हा तोही बिचारा मान टाकतो. मग मी झोपलेला आणि ही अंधारात बोट धरून बसलेली. सकाळी मी चहा मागतो आणि तिच्या डोळ्यांकडे बघून मलाच शरमल्यासारखं होतं.

"मला एकदा असा देश दाखवा, जिथे लाईट जात नाही," ती एका अशाच सकाळी म्हणाली. "डोंगर नको, दऱ्या नको. मला तिथे जाऊन फक्त झोपायचंय."

पुण्याच्या मुलाने हे फोनवर ऐकलं आणि स्वित्झर्लंडची तिकिटं काढून मोकळा झाला. मी पालीच्या शाळेत भूगोल शिकवत निवृत्त झालो. फळ्यावर आल्प्स इतक्या वेळा काढला होता की तो बघायला जायचं या कल्पनेनेच मला दमल्यासारखं झालं. या वयात मला घरचा ओटा, आरामखुर्ची आणि आमसुलाचं सार एवढंच पुरतं. पण सुनंदाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि गुमान बॅग भरायला घेतली.

तिचा चुलतभाऊ विश्राम सगळी हयात बोटीवर काढून आता मांडवीला घरी बसलेला आहे. तो निरोप द्यायला आला तो एक मुठीएवढा अडॅप्टर घेऊनच.

"भावोजी, ह्यो घेवा. जगात खयल्या पण भिंतीत घुसतो," तो म्हणाला. "आणि लाईटची काळजी करू नका. तिकडं लाईट जातच नाय. गेली तर लोकं पोलिसात जातील."

"बघा," सुनंदा मला म्हणाली. तिचा चेहरा लग्नाला निघाल्यासारखा खुलला होता.

दरीतलं गाव

प्रवासाचं काही सांगत नाही. मुंबईच्या विमानतळावर मशीनची पिशवी उघडून दाखवावी लागली आणि सुनंदाने तिच्या हिंदीत "ये उनका नाक का पंप है" असं सांगून प्रश्न मिटवला. विमानात सीटखालचा सॉकेट मेलेला होता, म्हणून सोबत घेतलेली छोटी बॅटरी वापरली. हवा ओलसर करायला मशीनमध्ये पाणी असतं, ते न तापवता मशीन चालवलं तर ती एक रात्र काढते. उतरलो तेव्हा ती पार रिकामी झाली होती, आणि मीही. पुढे आगगाड्या बदलत संध्याकाळी एका दरीतल्या गावात पोचलो. नाव लिहायला सोपं आहे, उच्चारताना माझी जीभ अडखळते.

दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यांच्यावरून पडणारे धबधबे. मी हात वर करून काहीतरी भौगोलिक बोलणार, तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "आंबा घाटात पावसात असंच असतं की. फक्त खाली वडापाववाला नाही." तिच्या बोलण्यात चूक काढावी असं काही नव्हतं. फरक मातीचा. आमच्या जांभ्याचा लाल रंग तिथे औषधाला नाही. सगळं करडं आणि हिरवं, धुऊन वाळत घातल्यासारखं.

आम्ही उतरलो ते घर मार्था नावाच्या एका सत्तरीच्या बाईंचं. खाली त्या राहतात, वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात. खोली लाकडाची, गाद्या ढगासारख्या. सुनंदाने गादीवर हात दाबून पाहिला आणि उसासा टाकला. मी मशीन मांडलं, विश्रामचा अडॅप्टर काढला आणि भिंतीपाशी गेलो. तिथला सॉकेट भिंतीत आत दबलेला, सहा कोनांच्या खळग्यासारखा. विश्रामचा गडी त्या खळग्यात काही केल्या बसेना. तिरका करून पाहिला, दाबून पाहिला. जग फिरलेला अडॅप्टर स्वित्झर्लंडच्या दारात हात चोळत उभा राहिला.

"विश्रामदादाची बोट इकडे कुठनं लागणार? समुद्र कुठे आहे या मेल्या देशाला?" सुनंदा म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

मी खाली जाऊन मार्थाबाईंना माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सगळं सांगितलं. नाक, नळी, झोप, श्वास. त्यांना अर्धं कळलं असावं. त्या वर आल्या, मशीनच्या मागची वायर उपसून तिचं टोक पाहिलं, आणि खाली जाऊन त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरची वायर घेऊन आल्या. एका टोकाला त्यांचा सॉकेट, दुसऱ्या टोकाला माझं मशीन. बसली. घरघर सुरू झाली तसं सुनंदाने हात जोडले. मार्थाबाईंनीही जोडले. त्यांना वाटलं असणार, मशीन सुरू केल्यावर आमच्याकडे हा विधी असतो.

त्या रात्री सुनंदा झोपली. सकाळी नाश्त्याला खाली गेलो तेव्हा तिच्या गालावर उशीच्या घड्या उठलेल्या होत्या आणि माझ्या गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ, रोजच्यासारखे. पलीकडच्या टेबलावरचं एक जोडपं माझ्याकडे चोरून बघत होतं.

"त्यांना वाटतंय मी तुम्हाला मारते," सुनंदा पावाला लोणी लावत म्हणाली.

दुपारी जेवायला त्यांचा प्रसिद्ध पदार्थ मागवला. बशीत आला तो बटाट्याचा कीस. खरपूस, तव्याच्या आकाराचा, वर अंडं. सुनंदाने अंडं माझ्या बशीत सरकवलं, कीस खाल्ला आणि निकाल दिला, "जिरं आणि दाण्याचं कूट घातलं असतं तर उपासाला चालला असता. सांगून बघू का त्याला?" मी तिला कसंबसं थांबवलं. खरं म्हणजे मी थकलो होतो. वेळेचा घोळ अंगातून जात नव्हता आणि प्रत्येक बाकावर बसावंसं वाटत होतं. ती मात्र एका झोपेवर दहा वर्षांनी लहान झाली होती. धबधब्याखाली जाऊन भिजून आली. गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकत उभी राहिली. मग पोस्टकार्डांच्या दुकानात एका चित्रापाशी थांबली. बर्फाचं शिखर, पहाटेच्या उन्हात गुलाबी झालेलं.

"हे असं खरंच होतं?"

"होतं. वर मुक्काम केला तर दिसतं," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

वर एक जुनी सराय आहे असं मार्थाबाईंनी सांगितलं. तारेवरच्या पाळण्याने जायचं, मग थोडं चालायचं. खोल्यांत लाईट मात्र नाही. सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. शिखर की झोप, हा हिशोब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. "नको," ती म्हणाली, "आपण झोपायला आलोय." आणि चित्र पुन्हा जागेवर ठेवलं. ठेवताना तिने ते सरळ केलं, मग पुन्हा एकदा सरळ केलं.

"बॅटरी आहे ना," मी म्हणालो. "अजून एक दिवस आहे मधे. पूर्ण भरून घेऊ. दोन्ही मिळेल."

दुसऱ्या दिवशी गावातून योग्य अडॅप्टर आणला. आमच्या खोलीतला दुसरा सॉकेट कपाटाच्या मागे होता. संध्याकाळी तिथे हात घालून बॅटरी चार्जिंगला लावली आणि लगेच मशीनसाठी शुद्ध पाणी शोधायला बाहेर पडलो. रत्नागिरीत ते इन्व्हर्टरच्या दुकानात मिळतं. इथे ते इस्त्रीच्या सामानाशेजारी निघालं. त्यातही एका बाटलीला फुलांचा वास होता. ती घेतली असती तर रात्रभर नाकात अत्तराचा फाया बसला असता. बिनवासाची बाटली घेऊन दुकानाबाहेर आलो तर आभाळ भरून आलेलं. एकदम कडाड्कन वीज झाली. दरीत आवाज या कड्यावरून त्या कड्यावर आपटत राहिला. दुकानाच्या पडवीतच उभा राहिलो.

पाऊस ओसरल्यावर परतलो तर घराच्या जिन्यात हीऽ गर्दी. खोल्यांतले पाहुणे मोबाईल हातात घेऊन उभे, मार्थाबाई कपाळाला आठ्या घालून जिन्याखालच्या एका डब्याकडे बघतायत, आणि सुनंदा वरच्या पायरीवर, पदर खोचून.

आमच्याकडे पहिली वीज चमकली की काय होतं ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. टीव्हीची पिन, फ्रिजची पिन, इन्व्हर्टरची पिन, सगळं भिंतीतून बाहेर. गल्लीत एकमेकांना हाका जातात, "पिना काढल्यात काय गो?" न काढणाऱ्याच्या घरी एखादा टीव्ही जळतोच, आणि मग वर्षभर त्याचं नाव निघतं. सुनंदाने तेच केलं होतं. खोलीतल्या पिना काढल्या, मग शेजारधर्म म्हणून जिन्यातला दिवा, पाण्याची किटली आणि इंटरनेटचा डबाही. सगळं घर तिने वाचवलं होतं.

"वीज किती मोठी झाली, ऐकलीत ना?" ती मला म्हणाली. "आणि ह्या बाईंना काही पडलेलीच नाही. विणत बसल्यात!"

मी मार्थाबाईंना समजावलं. त्यांनी छपराकडे बोट दाखवलं. वर विजेची तार आहे, ती जमिनीत जाते, घाबरायचं कारण नाही. सुनंदा म्हणाली, "तार आमच्या देवळावर पण आहे. म्हणून काय टीव्हीची पिन ठेवायची?" हे मी भाषांतर केलं नाही. तिने एकेक पिन परत लावून दिली, पाहुण्यांचं इंटरनेट आलं, हशा झाला, मार्थाबाईंनी सगळ्यांना केक वाटला. मीही हसलो. हसण्याच्या नादात एका गोष्टीची आठवण मला झाली नाही, आणि तिलाही.

वर

पाळण्यातून उतरल्यावर थोडं चालायचं होतं. ते थोडं चालणं माझ्या पोटऱ्यांना घाटाएवढं वाटलं. दर वळणावर मी थांबायचो आणि ही मागे वळून म्हणायची, "अहो, श्वास घ्या." जागेपणी हे ऐकताना मला हसू यायचं, आणि हसलं की आणखी धाप लागायची.

सराय दगडाची, छप्पर जड पाट्यांचं. समोर दरी, दरीपलीकडे शिखर, पण ढगात. चालवणारा माणूस मनमिळाऊ होता. त्याने आधीच सांगून टाकलं की वीज छपरावरच्या सोलर पॅनेलची, दोन दिवस ऊन नाही, म्हणून स्वयंपाकघरापुरतीच आहे. जेवणं झाली की तीही बंद. आम्हाला काय, आमची बॅटरी सोबत.

खोलीत जाऊन मी पिशवी उघडली. सुनंदा बाहेर ओट्यावर गाई बघत होती. बॅटरीचं बटण दाबलं. चार दिवे लागायला हवे होते. एक लागला, तोही मिणमिणत.

मी पुन्हा दाबलं. मग खाटेवर बसलो आणि सगळं लख्ख दिसलं. वीज, पदर खोचलेली सुनंदा, कपाटामागे गेलेला तिचा हात. बाकी पिना तिने आठवून परत लावल्या. जी डोळ्यांसमोर नव्हती ती राहिली. आणि सकाळी निघायच्या घाईत मी कपाटामागची वायर न बघताच ओढून पिशवीत कोंबली होती. शेवटचा पाळणा खाली गेलेला होता. त्या माणसाकडे गेलो, त्याने भांडी धुऊन होईपर्यंत बॅटरी स्वयंपाकघरात लावू दिली. त्यापेक्षा जास्त तो करू शकत नव्हता. परत घेतली तेव्हाही दिवा एकच, जरासा धीट झालेला.

एका रात्रीने मला काही होणार नाही, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. पण सुनंदाला कळलं असतं तर ती रात्रभर बोट धरून बसली असती, आणि ते आपल्या हातून झालं म्हणून आणखीच ताठ बसली असती. समुद्र ओलांडून, दमून, धापा टाकून मी तिला त्याच रात्रीत आणून सोडलं होतं. मला एकदम रडूच आलं. बायको बाहेर गाईंशी मराठीत बोलत होती आणि मी आत बॅटरी मांडीवर घेऊन डोळे पुसत होतो.

"भरलेय ना बॅटरी?" तिने आत येत विचारलं.

"फुल," मी म्हणालो.

जवाचं दाट सूप पिऊन आलो. तिने रजई ओढली. "सूर्य उगवायच्या आधी उठवा हां मला. विसरू नका." मी मास्क लावला, मशीन सुरू केलं. घरघर ऐकली आणि तिचे डोळे मिटायला लागले. थोड्याच वेळात तिचा श्वास लांब झाला. मी मास्क काढला, उशी भिंतीला लावली आणि उठून बसलो. मशीन रिकामंच हवा सोडत राहिलं, तिच्यासाठी.

मग ते थांबलं.

मला त्या शांततेची इतकी भीती वाटली की मी हलेनासा झालो. सुनंदा चुळबुळली. डोळे मिटलेलेच, पण रजईतून तिचा हात बाहेर आला आणि अंधारात चाचपत निघाला, उशीवर, माझ्या दंडावर. मी पटकन वाकलो आणि तोंड तिच्या हाताशी नेलं. बोट नाकाखाली आलं. मी श्वास सोडला. घेतला. पुन्हा सोडला, सावकाश, एकसारखा, भल्या माणसाने घ्यावा तसा. बोट थोडा वेळ तिथेच थांबलं. मग तिचा हात सैल पडला आणि ती कूस बदलून झोपली.

असं त्या रात्री पुन्हापुन्हा झालं. माझी पाठ मोडली, मान आखडली, पेंग आली की मी स्वतःला चिमटे काढले. इतकी वर्षं ही बाई असं बसत होती, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि बसणं वेगळं.

उजाडायला लागलं तसे ढग गेले. खिडकीत शिखर उभं होतं. आधी राखाडी, मग टोकाला किंचित रंग, आणि मग तो गुलाबी रंग खाली उतरत गेला, चित्रात होता त्याहून कितीतरी नाजूक. बाहेर ओट्यावर लोक गोळा झाले, कोणीतरी आनंदाने ओरडलं. मी सुनंदाकडे बघितलं. तोंड थोडं उघडं, कपाळ सैल, आणि ती चक्क घोरत होती. मी तिच्या खांद्यापर्यंत हात नेला.

आणि परत घेतला. ऊन तिच्या उशीकडे सरकायला लागलं तसा खिडकीचा पडदा ओढला.

ती उठली तेव्हा बाहेर लोकांचा नाश्ता आवरत आला होता आणि शिखर नेहमीसारखं पांढरं होतं. "अहो! उठवलं का नाहीत?" ती पडदा सारून हळहळली. मी म्हणालो, मलाच जाग आली नाही. ती काहीतरी बोलणार होती, पण माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वेणी घालायला घेतली.

पाळण्यात आम्ही दोघंच होतो. खाली दरी हळूहळू वर येत होती.

"वळ कुठायत?" तिने विचारलं.

मी गालावरून हात फिरवला. गाल साफ होते.

"वीज झाली तेव्हा मी कपाटामागची पण पिन काढली होती," ती हळूच म्हणाली. "हो ना?"

मी मान हलवली. तिने खिडकीबाहेर बघितलं. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. मग खालच्या आगगाडीत बसल्यावर शालीची घडी करून आपल्या खांद्यावर ठेवली आणि माझं डोकं हाताने धरून त्यावर टेकवलं.

"इथे? डबाभर माणसं आहेत," मी म्हणालो. "मी घोरेन."

"घोरा," ती म्हणाली. तिचं बोट माझ्या नाकाखाली आलं. "मी आहे जागी. माझी झोप झालेय."